हॅरिएटचं पदक : कृष्णवर्णीय स्वातंत्र्यसेनानींचे दागिने आपण घालावेत का?

मुक्ता_मेरीलँड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, म्हणून इथे विचारते.

आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. लेक सतरा वर्षांची. शाळा संपली तेव्हा तिच्या जिवलग मैत्रिणीच्या आजीनं दोघींना सारखंच पदक दिलं. चांदीचं, दहाच्या नाण्याएवढं, वर हॅरिएट टबमनचा चेहरा आणि मागे फक्त '१८४९'. हॅरिएट इथल्याच, डॉर्चेस्टर परगण्यातल्या. १८४९ साली गुलामीतून पळून त्यांनी फिलाडेल्फिया गाठलं. स्वतःची सुटका झाल्यावरही त्या पुन्हा पुन्हा मेरीलँडात शिरल्या, साधारण तेरा फेऱ्या केल्या आणि सत्तरेक माणसं बाहेर काढली. या आजींचं घराणंही याच भागातलं. पदक त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या लेकीच्या गळ्यात घातलं आणि फासा नीट बसला का ते दोनदा चाचपून पाहिलं.

तेव्हापासून लेक ते काढतच नाही. गणपतीच्या कार्यक्रमातही पैठणीवर तेच. तिथे एका काकूंनी चारचौघांत विचारलं, "घरात ठुशी नव्हती का गं? आणि ही कोण? आपल्यातली तर नाही दिसत." लेकीनं शांतपणे सांगितलं कोण ते. पण गाडीत बसल्यावर ती मला म्हणाली, "आई, मी हे घालणं बरोबर आहे ना? की दुसऱ्यांचं दुःख मी दागिना म्हणून मिरवतेय?" मला काही उत्तर सुचलं नाही.

डिसेंबरात आम्ही कोल्हापूरला येतोय. आजींना परतभेट म्हणून चांदीचंच काही घडवून न्यायचं मनात आहे. तर असे दागिने आपण घालावेत का, आणि घडवायचा झाला तर कसा, ते सांगा.

अटकेपार

घालावं की! प्रेमानं दिलेली वस्तू आहे. काकूंचं मनावर घेऊ नका.

जुनी_वही

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. इथे टेक्सासात १९ जून जवळ आला की दुकानं भरून जातात. १८६५ साली याच दिवशी गॅल्व्हेस्टनमध्ये गुलामीमुक्तीचा हुकूम वाचला गेला, म्हणून हा सण. २०२१ पासून देशभर सुट्टी असते. तेव्हा हॅरिएट, फ्रेडरिक डग्लस, माल्कम एक्स, सगळ्या कृष्णवर्णीय नेत्यांचे चेहरे कानातल्यांवर येतात. पत्र्याचे, भलतीकडे घाऊक बनलेले. जुलैत तेच अर्ध्या किमतीत. ज्या बाईला तिच्या उतारवयात सरकारकडून महिना २० डॉलर पेन्शन मिळवायला वर्षानुवर्षं झगडावं लागलं, तिचा चेहरा विकून भलताच कुणीतरी पैसे करतोय हे बघून मला त्रास होतो. तुमच्या लेकीचं पदक वेगळं, ते मी समजू शकते. पण 'आपण घालावेत का' असा सरसकट प्रश्न असेल, तर आधी विचारा की ते बनवलं कुणी आणि पैसा गेला कुणाकडे.

सई_लंडन

जुनी_वही, तुमचा मुद्दा पटतो, पण या दागिन्यांची गोष्ट बरीच जुनी आहे.

१७८७ साली इंग्लंडमध्ये चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जोसाया वेजवुडनं आपल्या कारखान्यात एक छोटी चकती बनवली. पांढुरक्या मातीवर काळी उठावदार आकृती: साखळदंडातला आफ्रिकी पुरुष एका गुडघ्यावर बसलाय, जोडलेले हात वर. कडेनं अक्षरं, 'मी माणूस नाही का, भाऊ नाही का?' गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या मंडळींचं ते चिन्ह झालं. त्यांच्यातल्याच थॉमस क्लार्कसननं लिहून ठेवलंय की पुरुषांनी ती चकती तपकिरीच्या डबीवर सोन्यात बसवून घेतली, बायकांनी कंकणात जडवली, कुणी केसांत खोवायची पिन केली. पुढच्याच वर्षी वेजवुडनं काही चकत्या फिलाडेल्फियाला, तिथल्या गुलामीविरोधी संस्थेचा अध्यक्ष बेंजामिन फ्रँकलिनकडे पाठवल्या.

ब्रिटिश म्युझियममध्ये मी ती पाहिलीय. अंगठ्यापेक्षा थोडी मोठी. बायकांना मताचा अधिकार नव्हता, सभेत बोलायची सोय नव्हती, पण मनगटावर हे घालून त्या कुणाच्याही दिवाणखान्यात जाऊन बसू शकत होत्या. व्यापार बंद व्हायला १८०७ उजाडलं. वसाहतींमधली गुलामी संपवणारा कायदा १८३३ चा. त्यात २ कोटी पौंडांची भरपाई दिली गेली, पण ती मालकांना. गुलामांना दमडी नाही.

म्हणजे दागिन्यानं काम केलं, हे खरं. पण त्या चकतीसमोर उभं राहिल्यावर माझा जीव गुदमरला, हेही सांगते.

निळी_पहाट

सई, जीव का गुदमरला ते मी सांगतो. तो माणूस गुडघ्यावर आहे. चकती बनवणारा गोरा, घालणारा गोरा, आणि ज्याच्यासाठी सगळं चाललंय तो खाली बसून विचारतोय, मी माणूस आहे ना?

स्वतः गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसनं यावर थेट लिहिलंय. १८७६ मध्ये वॉशिंग्टनच्या लिंकन पार्कात लिंकनचा पुतळा बसला. लिंकन उभा आणि पायाशी मुक्त झालेला गुलाम वाकलेला. पुतळ्याचा पैसा मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनीच जमवलेला. शार्लट स्कॉट नावाच्या बाईनं मुक्त झाल्यावरच्या कमाईतले पहिले ५ डॉलर दिले, तिथून सुरुवात. पण पुतळा कसा असावा हे त्यांना कुणी विचारलं नाही. अनावरणाचं भाषण डग्लसचंच होतं. नंतर काही दिवसांनी त्यानं वर्तमानपत्राला पत्र पाठवलं, की मरण्याआधी मला असं स्मारक बघायचंय ज्यात काळा माणूस चार पायांच्या जनावरासारखा गुडघ्यांवर नसेल, माणसासारखा आपल्या पायांवर ताठ उभा असेल. हे पत्र २०२० मध्ये अभ्यासकांच्या हाती पुन्हा लागलं.

हाच डग्लस एकोणिसाव्या शतकात सर्वांत जास्त फोटो काढून घेतलेला अमेरिकन माणूस. दीडशेहून जास्त फोटो. उत्तम कोट आणि रोखून बघणारी नजर, हसू जवळजवळ कुठेच नाही. आपली प्रतिमा कशी असावी हे तो दुसऱ्यावर सोडत नव्हता.

मी नागपूरचा. माझ्या आजीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात बाबासाहेबांचं पितळी लॉकेट होतं. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेली होती तेव्हा शिवाजी पार्कातल्या स्टॉलवरून घेतलेलं. रोज भांडी घासताना ओट्यावर घासून चेहरा पार गुळगुळीत झाला होता. फक्त चष्म्याची गोलाई बोटाला लागायची. तिला वाचता येत नव्हतं. पण बाबासाहेब सुटाबुटात, ताठ, हातात पुस्तक, एवढं तिला पुरे होतं. त्यामुळे मुक्ताताई, तुमच्या लेकीला सांगा, चेहरा गळ्यात घालणं म्हणजे मिरवणं नव्हे. फक्त तो चेहरा कुणापुढे झुकलेला नसावा.

अटकेपार

निळी_पहाट, चष्म्याची गोलाई वाचून थांबलो. धन्यवाद.

जुनी_वही

शंभर टक्के अनुमोदन, मी माझं म्हणणं थोडं बदलते. पण 'आपल्यातली' हा शब्द राहिलाच की. काकूंना उत्तर काय द्यायचं?

निळी_पहाट

त्यांना सांगायचं की जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये छापली, तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. पुण्यात बसून. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून विचारलं होतं की तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केलाय त्याची प्रत मिळेल का. आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं नाव घेऊन. आपल्यातली नाही कशी?

कवडीमोल

अवांतर होतंय, पण दागिन्यांचा विषय आहे म्हणून लिहितो. आजींना कवड्यांची माळ द्या ना! इथल्या कृष्णवर्णीय बायका कवड्यांचे कानातले आवडीनं घालतात, आणि आपल्याकडे तर तुळजाभवानीच्या कवड्यांच्या माळेला केवढा मान.

सई_लंडन

कवडीमोल, सुचवलंत छान, पण कवडीचा इतिहास माहीत असू द्या. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या बंगाल आणि श्रीलंकेहून जहाजांत भरून आधी ॲमस्टरडॅम-लंडनला यायच्या. तिथून पश्चिम आफ्रिकेत. आणि तिथे त्या मोजून माणसं विकत घेतली जायची. गलबताच्या तळाला वजन म्हणून कवड्याच. माझ्या आईच्या देवघरात परडीत कवड्या आहेत, हे वाचल्यापासून त्यांच्याकडे बघताना वेगळंच वाटतं.

कवडीमोल

बाप रे. मग सुचवणं मागे घेतो.

मुक्ता_मेरीलँड

मागे घेऊ नका हो. न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली सरकारी इमारतीचा पाया खणताना कृष्णवर्णीयांचं जुनं दफनस्थान सापडलं. चारशेहून जास्त जणांचे सांगाडे निघाले. त्यातली एक स्त्री, पुढचे दात कानस लावल्यासारखे आकार दिलेले, म्हणजे बहुधा आफ्रिकेतच जन्मलेली. तिच्या कमरेभोवती शंभराहून जास्त मणी होते आणि त्यात कवड्याही. पुरणाऱ्यांनी ते काढून घेतले नाहीत. २००६ पासून ती जागा राष्ट्रीय स्मारक आहे. मी लेकीला घेऊन गेले होते. ज्या कवड्यांनी माणूस विकला, त्याच कवड्या तिनं कमरेला बांधून शेवटपर्यंत आपल्या म्हणून जपल्या. आज इथल्या बायका घालतात तेव्हा त्यांना हे ठाऊक असतं. आपण घालताना आपल्यालाही ठाऊक असावं, इतकंच.

धावपट्टी

दागिन्यांबद्दल कोणी खेळातलं लिहील असं वाटलं होतं. १६ ऑक्टोबर १९६८, मेक्सिको ऑलिंपिक, २०० मीटर. टॉमी स्मिथ पहिला, १९.८३ सेकंद, विश्वविक्रम. जॉन कार्लोस तिसरा. दोघे कृष्णवर्णीय अमेरिकन. वर्णभेदाच्या निषेधात पदकमंचावर उंचावलेली दोघांची काळ्या हातमोज्यातली मूठ सगळ्यांना माहीत असते, पण कार्लोसच्या गळ्यात बघा. मण्यांची माळ आहे. त्यानं सांगितलंय की जमावानं ठेचून, झाडाला टांगून मारलेल्या, ज्यांच्यासाठी कुणी प्रार्थनाही केली नाही, अशा माणसांसाठी ती माळ होती. पायात बूट नाहीत, नुसते काळे मोजे.

आणि दुसऱ्या क्रमांकावरचा गोरा ऑस्ट्रेलियन, पीटर नॉर्मन, त्याच्याही छातीवर गोल बिल्ला, स्मिथ-कार्लोसनं लावलेला तोच, खेळाडूंच्या मानवी हक्कांच्या चळवळीचा. ऐन वेळी एका अमेरिकन नौकापटूकडून मागून घेतलेला. मायदेशी त्याला बरंच सोसावं लागलं. २००६ मध्ये तो गेला तेव्हा स्मिथ आणि कार्लोस दोघांनी त्याच्या शवपेटीला खांदा दिला. मुक्ताताई, 'दुसऱ्याचं दुःख मी घालू का' या तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मला नॉर्मनमध्ये दिसतं. त्यानं घातलं आणि मग त्याची किंमतही मोजली.

डर्बनहून

इकडचंही थोडं. १९६१ मध्ये भूमिगत असताना काढलेला नेल्सन मंडेलांचा फोटो आहे, गळ्यात मण्यांचा रुंद गळपट्टा, उघडा खांदा. आणि १९६२ मध्ये प्रिटोरियाच्या कोर्टात ते सूट टाकून बिबळ्याच्या कातड्याचं पारंपरिक पांघरूण घेऊन आले. त्यांची पत्नी विनी डोक्यावर मण्यांचं आभूषण घालून समोर बसल्या. गोऱ्यांच्या न्यायालयात मी आफ्रिकी माणूस म्हणून चालत जातोय हे दाखवायला, असं त्यांनी स्वतः लिहिलंय. पुढे २७ वर्षं तुरुंग, त्यातली १८ रॉबेन बेटावर. कैदी क्रमांक ४६६/६४. तो आकडा कोरलेली कडी इकडे अनेकांच्या मनगटात दिसतात, बेटाच्या जुन्या कुंपणाच्या तारेचे दागिनेही मिळतात. माझ्याकडे कडं आहे. तारेचं मात्र घ्यायला मन झालं नाही, का ते नीट सांगता येत नाही.

हुपरीकर

मी हुपरीचा, चांदीचं काम करतो. आमची चौथी पिढी. धागा दोन दिवस वाचतोय. ताई, घडवायचं असेल तर कामाचं बोलतो.

देवदेवतांची, महापुरुषांची पदकं आम्ही ठशावर उठवतो. ठसा पोलादात कोरलेला, त्यावर चांदीचा पत्रा ठेवून दाब द्यायचा. अडचण अशी की आमच्याकडच्या कोरणाऱ्याच्या हाताला एकच नाक बसलंय, देवीचं. धारदार, सरळ. कुणाचाही फोटो द्या, नाक तेच येतं. ओठ बारीक होतात. सावित्रीबाईंचं पदक केलं तेव्हाही तेच झालं होतं, मी परत करायला लावलं. हॅरिएटबाईंचा चेहरा करायचा तर ठसा नको. मेणात हातानं कोरून ओतीव काम करू. एकच नग निघेल, पण चेहरा त्यांचाच येईल.

दुसरं, आरशासारखं पॉलिश मागू नका. गोरापान चकाकणारा चेहरा होतो आणि काही दिसत नाही. पूर्ण काळं करायचं आणि मग फक्त उंचवटे, म्हणजे कपाळ, गालाचं हाड, बोटं, हलक्या हातानं उजळायचे. खोलगट भागात काळं राहतं, त्यानं नजर येते. ९२.५ टंच, दोन तोळ्यांत बसेल. कडीला डाख मागच्या बाजूनं, पुढून दिसायला नको.

अटकेपार

हुपरीकर, 'हाताला एकच नाक बसलंय' यावर एक स्वतंत्र धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

जुनी_वही

मी सुरुवातीला म्हटलं होतं ना, बनवलं कुणी ते विचारा? हे घ्या उत्तर. असं काम असेल तर मीही घालेन.

आणि काकूंच्या प्रश्नावर एक राहिलं. आयडा बी. वेल्स माहीत असतील, झुंडीनं केलेल्या हत्यांची नोंद ठेवणाऱ्या पत्रकार. ऑगस्ट १९१७ मध्ये इथे ह्यूस्टनला कृष्णवर्णीय पलटणीतले सैनिक आणि पोलीस यांच्यात रक्तपात झाला. ११ डिसेंबरला सान अँटोनियोजवळ तेरा सैनिकांना पहाटे फाशी दिलं, अपिलाची संधी न देता. आयडांना शिकागोत शोकसभेसाठी चर्च मिळेना. मग त्यांनी बटणं बनवून घेतली, कोटाला लावायची, त्यावर 'हुतात्मा निग्रो सैनिकांच्या स्मरणार्थ, ११ डिसेंबर १९१७'. सरकारी गुप्तहेर घरी आले, म्हणाले हे वाटलंत तर देशद्रोहाखाली अटक होईल. त्यांनी बटणं द्यायला नकार दिला आणि लावायचं सोडलं नाही. तो बिल्ला लावलेला त्यांचा फोटो आहे. आणि २०२३ च्या नोव्हेंबरात अमेरिकी सैन्यानं त्या खटल्यांतल्या ११० सैनिकांच्या शिक्षा रद्द केल्या. एकशे सहा वर्षांनी.

मी टेक्सासात वीस वर्षं राहते. त्या बटणाबद्दल वाचेपर्यंत मला हे तेरा जण माहीत नव्हते.

मुक्ता_मेरीलँड

मंडळी, उशिरा लिहितेय, माफ करा. लेकीला सगळा धागा वाचून दाखवला. मराठी तिला बोलता येतं, वाचताना अडखळते, त्यामुळे रात्री साडेअकरा वाजले. निळी_पहाट, तुमच्या आजीच्या लॉकेटाशी ती दोनदा परत आली.

मग तिनं मैत्रिणीच्या आजीलाच फोन लावला आणि गणपतीतला प्रसंग सांगितला. मला वाटलं आजींना वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, "'ही कोण' असं कुणीतरी तुला विचारावं, म्हणूनच तर दिलं ना बाळा."

आता पदकाचं. चेहरा नको असं लेकीचं म्हणणं, तो आजींकडे आहेच. २०१७ मध्ये हॅरिएटचा एक फोटो वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन म्युझियमनं आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसनं मिळून घेतला. १८६८-६९ च्या सुमाराचा, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नमधला. आपण नेहमी बघतो त्या शाल पांघरलेल्या म्हाताऱ्या हॅरिएट नव्हेत. चाळिशीतल्या, घेरदार झगा, अंगरख्याला बटणांची रांग, खुर्चीच्या पाठीवर हात टाकून बसलेल्या आणि कॅमेऱ्याकडे थेट बघणाऱ्या. तो करायचा. मागे तारीख '२ जून १८६३'. त्या दिवशी दक्षिण कॅरोलायनात काँबाही नदीवरच्या, अमेरिकी यादवी युद्धातल्या लष्करी मोहिमेत त्या वाट दाखवत होत्या आणि एका रात्रीत सातशेहून जास्त माणसं मोकळी झाली. आजींनी पळाल्याचं साल दिलं होतं. लेक म्हणते, परत देताना सोडवल्याचं देऊ.

निळी_पहाट, बसलेल्या आहेत, चालेल ना?

निळी_पहाट

खुर्चीत बसल्यात, गुडघ्यांवर नाही. पळेल!

हुपरीकर

फोटो मिळाला, मोठा करून भिंतीला लावलाय. घरचे सगळे येता-जाता बघतात. मंडळी म्हणते, खुर्चीवर टाकलेल्या हाताची बोटं नीट सुटी उठली पाहिजेत, कष्टाचा हात आहे तो. पदक ३२ मिलिमीटर धरा, त्याखाली गेलो तर बटणं बुजतील. अकरा बटणं मोजली मी, पण झग्याच्या चुणीत एखादं लपलं असेल. ताई, म्युझियमच्या साइटवर याहून साफ फोटो असेल तर तेवढा पाठवा, मेण उद्या घेतो.